पाय धुण्याचं प्रकरण

आबा, तुमची कादंबरी सांगलीच्या वाचनालयानं मोडीत काढली. हे तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं, आणि कळवायचं कुठं हा प्रश्न कागद पुढं ओढल्यावर पडला. तिथं काम करणारी बाई ओळखीची आहे. वाळवी लागलेली पुस्तकं वेगळी काढताना तिला माझ्या माहेरचं आडनाव दिसलं, तिनं फोन करून विचारलं, तुमच्यापैकी कुणाचं आहे का, हवं असलं तर घेऊन जा. गेले. गुडघे धरत जिना चढले आणि पिशवीत घालून घेऊन आले. आता ते समोर पडलंय. पुठ्ठ्यावर तो फेटेवाला माणूस, हातात पिस्तूल, पाठीमागं चंद्र. अर्धा चंद्र वाळवीनं खाल्लाय. तुम्हाला तो कधीच आवडला नव्हता. सगळी गोष्ट दिवसाउजेडी घडते, मग चंद्र कशाला, म्हणून तुम्ही छापखानेवाल्याशी वाद घातला होता. त्याच्याकडं तेवढाच ठसा तयार होता, म्हणून चंद्र राहिला.

पुस्तक हातात घेतलं आणि हसू आलं, कारण पहिल्याच पानावर कुणीतरी ठळक अक्षरात लिहून ठेवलंय, "खुनी सावकार आहे." एवढी मेहनत करून तुम्ही शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवलेलं त्या पठ्ठ्यानं दारातच उघडं केलं. पुढं पानोपानी शेरे आहेत. "नायक मूर्ख आहे." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "तू शहाणा." एके ठिकाणी, "घोडा मघाशी मेला होता, परत कुठून आला?" हे खरंच आहे आबा, मी आत्ता मागची पानं चाळून बघितलं, घोडा मेला होता. एका पानावर लाल शाईत तिरपं लिहिलंय, "पोलिसांची भलामण. लेखकास लाज वाटावी." हा शेरा कुठल्या दिवसांतला ते मला विचारावं लागत नाही.

तुम्ही साताऱ्याला पोलिसात होता तेव्हा मी फार लहान. तुमचा गणवेश मला आठवत नाही, कारण मला कळू लागलं तेव्हा तुम्हाला तो घालायला मिळायचाच नाही. कधी गोसावी, कधी घोंगडी विकणारा, असे तुम्ही महिना महिना बाहेर असायचा आणि परत आलात की आई तुम्हाला आधी अंघोळीला पाठवायची. मग साहेबाशी बिनसलं, नोकरी सोडलीत, आणि आपण माधवनगरला आलो. गिरणीच्या फाटकावर देखरेखीचं काम. तिथं दुपारी सुस्ती असायची, आणि त्या सुस्तीत तुम्ही कादंबरी लिहायला घेतलीत. वेष पालटून दरोडेखोरांत शिरलेला एक फौजदार, त्याची पळापळ, मारामाऱ्या, आणि सगळ्यांच्या मागं गावचा सभ्य सावकार. आईला वाचता येत नव्हतं. ती भाकरी थापायची आणि मी चुलीजवळ बसून तुमची पानं वाचायची. तुम्ही उंबऱ्यावर पाठ टेकून, लक्ष नसल्यासारखं दाखवत, आईच्या तोंडाकडं बघत बसायचा. तुमचा पहिला वाचक तीच, आणि तिचं मत ऐकून तुम्ही हिरमुसला होतात ते मला अजून दिसतं. "आवं, तुमचा गडी चार दिस झालं नुसता पळतोय," ती म्हणाली. "जेवला कवा? ह्या पुस्तकात कुणी जेवतच न्हाई."

म्हणून ते प्रकरण आलं. आईच्या बोलण्यावर तुम्ही दोन दिवस घुश्शात होतात आणि नंतर गुपचूप बसून नायकाला जेवू घातलंत. कुंडलच्या बाजूला एका वस्तीवर तुमच्याच बाबतीत घडलेलं तुम्ही त्यात उतरवलंत. उन्हातून आलेला पाहुणा, दारात म्हातारी तांब्या घेऊन उभी, आपल्याकडं पाय धुतल्याशिवाय कुणी आत येत नाही. पाहुणा धोतर वर खोचतो आणि पायांवर पाणी घेतो. म्हातारी बघत असते. पोलिसाच्या पोटऱ्यांना वर्षानुवर्षं पट्ट्या आवळलेल्या असतात, त्यांच्याखालची कातडी उजळ पडते, केस झडतात. टाचा गुळगुळीत, शेतात राबणाऱ्याच्या टाचांसारख्या भेगा नाहीत. म्हातारी म्हणते, "पावणं, पाय तुमचं शेतकऱ्याचं न्हाईत. पर भूक कुणाचीबी असू दे. जेवा आन् वाटंला लागा." तो जेवतो, बाहेर पडतो आणि ओढ्यावर बसून पोटऱ्यांना राख नि चिखल चोळतो. हे वाचून संपलं तेव्हा आईची भाकरी तव्यावर करपली होती. ती एवढंच म्हणाली, "आता झालं पुस्तक." तुम्ही उठून बाहेर गेलात. आनंद झाला की माणसासमोर थांबायचं नाही, ही तुमची जुनी खोड.

पुस्तक निघालं आणि वर्षभर आपल्या घरात जत्रा होती. सुट्टीच्या दिवशी कोणी ना कोणी ओसरीवर यायचं आणि तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगायचं. गिरणीतला कारकून म्हणाला, नायकाला बायको हवी होती. शाळामास्तरांनी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि त्या सांगताना सावकार पकडला जातो तिथं त्यांचाच आवाज चढला. हजामतीच्या दुकानात पुस्तक ठेवलेलं होतं, गिऱ्हाईकं गाल तसेच साबणाचे ठेवून वाचायची. खेड्यांतनं गुऱ्हाळावर रस उकळेपर्यंत कुणीतरी वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे. तिकडचा एक जण काकवीची कळशी घेऊन आला होता, म्हणाला, "म्हातारीचं दोनदा वाचाय लावलं बगा आमच्यातल्या बायांनी." तुम्ही आईकडं बघितलंत. आईनं कळशी उचलली आणि आत गेली. ती खूश होती, आबा. तुम्हाला नुसती पाठ दिसली म्हणून सांगते.

मग बेचाळीस साल आलं आणि पुस्तक तेच राहून माणसं पालटली. धरपकड, गोळीबार, पोरं रानात गेलेली, आणि त्यांच्या मागावर साध्या वेषातले पोलीस गावोगाव फिरणारे. आता कुणाला तो फौजदार शूर वाटेना. शाळामास्तर दिसले की रस्ता ओलांडायचे. कारकुनानं प्रत परत आणून ओसरीच्या कठड्यावर ठेवली, हातात दिली नाही. न्हावी तेवढा खरं बोलला, "राग मानू नका, पर गिऱ्हाईक मोडाय लागलंय." तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. तुम्ही स्वतः ती नोकरी लाथाडून आलेले, हे कुणाकुणाला सांगत बसणार? "लोकांचं बरोबर हाय," असं तुम्ही आईला म्हणालात. त्या दिवसापासून तुमच्या बोलण्यात एक थकवा आला तो गेला नाही. मी तेव्हा तुमच्यावर चिडायची. आज तुमच्या त्या वयापेक्षा कितीतरी म्हातारी झाले, आता चीड येत नाही, दया येते, आणि वडिलांची दया येणं मला आवडत नाही.

आणि मग काका आले. साताऱ्याचे तुमचे दोस्त, तुमच्याबरोबर भरती झालेले, नोकरीत राहिलेले. दुपारची वेळ आहे, टांगा दारात थांबतो. टांगेवाला त्यांना कमरेला धरून उतरवतो. दोन्ही हातांत काठ्या, पायांना फडकी, आणि ते पाय टेकत नाहीत, ठेवतात. बैल विकत घेणारा हेड्या बनून ते कृष्णाकाठच्या एका गावात गेले होते आणि तिथं ओळखले गेले. भूमिगतांची शिक्षा तेव्हा सगळ्या जिल्ह्याला माहीत होती, तळपायांवर काठ्या. आई सवयीनं तांब्या घेऊन दारात आली आणि त्यांचे पाय बघून जागच्या जागी थांबली. काकांनी ओसरीच्या काठावर बसून स्वतःच फडकी सोडली. "घाला पाणी, वैनी," ते म्हणाले. "आता बघण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाई." आईनं पाणी घातलं. निम्मं पायांवर पडत होतं, निम्मं खाली सांडत होतं. तुम्ही खांबाला धरून उभे होतात.

जेवण झाल्यावर ते तुमच्या पुस्तकावर बोलले. मी आतून ऐकत होते. "झ्याक लिवलंयस गड्या," ते म्हणाले. "दवाखान्यात पडल्या पडल्या वाचलं. म्हातारीचं तर लय भारी." तुम्ही विचारलंत, दवाखान्यात? मी तर तुला पुस्तक निघाल्या निघाल्या प्रत दिली होती. काका हसले. "ती ट्रंकंत पडून हुती रं. म्हनलं, तू काय लिवनार, सगळं मला ठावंच हाय. हेड्या हून उतरलो त्या घरातल्या बाईनं पानी दिलं, धोतार वर घेतलं, ती पायाकडं बघत ऱ्हायली आन् आत जाऊन कुनाला तरी सांगून आली. मला कायबी कळलं न्हाई. साऱ्या मुलखानं वाचलं तुझं पुस्तक, मी तेवढा ऱ्हायलो. वाचलं आसतं तर राख तरी चोळली आसती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आबा. तो असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं. ते खरोखरच पुस्तकाचं कौतुक करत होते.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माळ्यावरच्या प्रती काढल्यात. अंघोळीचा बंब पेटवायचं काम आईचं, पण सकाळी उठून तुम्हीच तो पेटवू लागलात, पानं फाडून आत सारत. कित्येक दिवस आपण सगळे तुमच्या कादंबरीवर तापलेल्या पाण्यानं अंघोळी करत होतो. मग एकदा आई बंबापाशीच तुमच्यासमोर उभी राहिली. "ती म्हातारी तुमास्नी भेटली तवा कुठं हुतं पुस्तक?" ती म्हणाली. "बायका पावण्याचं पाय बघतच आल्यात. त्यास्नी लिवता-वाचता येत न्हाई. तुमी काय शिकवनार?" तुम्ही आगीकडं बघत म्हणालात, "वाचून दावलं असंल कुनीतरी. गुऱ्हाळावर वाचायची की न्हाई?" आई म्हणाली, "जेवाय घाला म्हनलं मीच. मग मलाबी घाला बंबात." तुम्ही हातातली पानं खाली ठेवलीत, पण उरलेल्या प्रती दुसऱ्या दिवशी गेल्याच.

त्यानंतर तुम्ही ओळ लिहिली नाहीत. स्वातंत्र्य आलं, न्हावी परत बोलू लागला, काका गावी पान-तंबाखूचं दुकान घालून बसले आणि दिवाळीला येत राहिले. तुमच्यात कधी अंतर पडलं नाही, उलट ते येऊन तुम्हालाच धीर द्यायचे. पण घरी कोणीही पाहुणा आला आणि आईनं तांब्या पुढं केला, की तुम्ही काहीतरी निमित्त काढून आत जायचा. जावई पहिल्यांदा आले तेव्हासुद्धा. त्यांना वाटलं, सासऱ्यांना आपण पसंत नाही. मला ते त्यांना समजावता आलं नाही, इतकी वर्षं संसार करूनही.

आईचं खरं की तुमचं, हा प्रश्न मी तुमच्याबरोबर गेला असं धरून चालले होते. घरातल्या प्रती बंबात गेल्या, लोकांकडच्या कुठं कुठं हरवल्या, वाचनालयातली तेवढी राहिली, आणि तिच्यात ते प्रकरण आहे. पान मऊ पडलंय, फार हात लागले असावेत. म्हातारीच्या बोलण्याशेजारी कुणीतरी "वा" लिहिलंय, कुणी "माझी आजी अशीच" असं. आणि खाली, पोटऱ्यांची नि टाचांची ओळ आहे तिथं, पेन्सिलीनं दुहेरी रेघ ओढून नेटक्या अक्षरात लिहिलंय, "आलेल्याचे पाय बघावेत. गावोगाव सांगणे." मी चष्मा पुसून परत वाचलं. मग पुस्तक मिटलं, चहा केला, तो गार झाला. शेरा कधीचा आहे ते पेन्सिल सांगत नाही. काकांच्या आधीचा असेल, नंतरचाही असेल. त्यानं खरंच कुठं जाऊन सांगितलं की नुसतंच लिहिलं, तेही कळायला मार्ग नाही. पण तुम्ही उभी हयात ज्याची भीती बाळगलीत तो वाचक होता, एवढं खरं.

तुम्ही सगळ्यांची मतं ऐकलीत, माझं कधी विचारलं नाहीत. मी पोरगी, वाचून दाखवणारी, मला कुठलं मत. आता सांगते. नायक बोलतो फार. घोड्याचं तर काही विचारूच नका. शेवट घाईत उरकलाय. पण पाय धुण्याचं प्रकरण चांगलं आहे, आबा, फार चांगलं आहे. काकांचे पाय बघितलेत मी, तरी ते पुस्तकातून काढावं असं मला म्हणवत नाही. आई असती तर तिचंही म्हणणं हेच असतं.

हे पत्र पुस्तकात घालून कपाटात ठेवीन. माझ्या माघारी दोन्ही एकदमच रद्दीत जातील, जाऊ देत. एक मात्र करून बसलेय ते सांगते. काल दुपारी नातवाच्या दप्तरातला खोडरबर घेतला आणि त्या वाचकाचा शेरा खोडून टाकला. तुम्ही काही ते पान उघडणार नाही, मला कळतं. तरी खोडला. हात लावू नये इतकं पान जुनं, जपून जपून खोडला. अक्षरं गेली. पानावरनं बोट फिरवलं की अजून लागतात.