जाणूनबुजून दिलेली दवंडी

मी शहादेव वल्द बिभीषण, राहणार धारूर, धंदा दवंडी देणे. डोकं ठिकाणावर आहे, पोट जरा बिघडलेलं आहे, आणि कोणाची जबरदस्ती नाही. बायको सत्यभामा शेजारी बसली आहे. तिला जबरदस्ती म्हणत नाहीत. मी बोलतो, राधाकिशन अर्जनवीस लिहितो.

कलम एक. हलगी मुलगा वैजिनाथला. विस्तवावर शेकून घेतल्याशिवाय वाजवू नये.

कलम दोन. राहतं घर सत्यभामेला.

कलम तीन. माझं नाव. ही मिळकत छापखानेवाल्यांनी खराब केली, म्हणून दुरुस्त करून ठेवतो.

थोरल्या दुष्काळात चावडीवर तहसिलीचे पेशकार मोहनराव म्हणाले, "शहादेव, दवंडी दे, उद्या जनावरांचा बाजार बंद. अन् कोठारातली दुष्काळाची ज्वारी साहेबांच्या घोड्यांना जाणार हाय, कुणाला सांगू नको." आमच्या धंद्याचा रिवाज असा, की चावडीवर ऐकलेला शब्द गाळायचा नाही. मी भर पेठेत हलगी बडवली. "ऐका हो ऐका! उद्या जनावरांचा बाजार बंद! कोठारातली दुष्काळाची ज्वारी साहेबांच्या घोड्यांना जाणार हाय! कुणाला सांगू नका हो!"

कोठाराकडे काय पळाले लोक! एकाचं धोतर सुटलं तरी तो थांबला नाही. अजून हसू आवरत नाही मला. घोडे यायच्या आत कोठार उघडावं लागलं आणि गाव पोटभर जेवलं.

आमच्या संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या वर्तमानपत्राने मला 'धारूरचा नरसिंह' म्हटलं. मी फुगलो. मग त्याच पत्राला आमच्या सरकारच्या जाहिराती मिळू लागल्या, आणि मी 'गुपित फोडणारा नमकहराम' झालो. ज्वारी कोण नेत होतं यावर एक ओळ नाही, सगळी शाई माझ्यावर! शेवटी त्यांचा बातमीदार येऊन माझं तोंड बघून गेला आणि त्याने छापलं, 'बिचारा अर्धवट इसम, त्याला काही कळलंच नाही.'

पेशकारांनी तेच वर कळवलं, म्हणून माझी चाकरी वाचली. मीही गप्प बसलो. पण मरताना मला येडा म्हणून जायचं नाही. सत्यभामेला पाणवठ्यावर 'येड्याची बायको' म्हणतात, ते मला फार लागतं. म्हणून जाहीर करतो की मला सगळं कळत होतं. मी जाणूनबुजून ओरडलो, आणि मजा आली.

इथे सत्यभामा म्हणाली, "मला काय नवं सांगता? दवंडीला निघताना तुमीच म्हणलात, रिकामं पोतं घेऊन कोठारापाशी उभी ऱ्हा. सगळ्यांच्या आदी मीच गेलते."

हे मी साफ विसरलो होतो. विचारलं, "मग बायांना बोलली कावून न्हाईस?"

"तुमाला धरून नेलं असतं की."

आता मृत्युपत्राला साक्षीदार दोन लागतात, हजर एकच होता, पानवाला सुग्रीव. सत्यभामा म्हणाली, "दुसरी मी." राधाकिशन म्हणाला, "वहिनी, ज्याला हिस्सा मिळतो त्याची साक्ष चालत न्हाई. घर जाईल."

"मग घर खोडा. ह्यो माणूस येडा न्हवता, एवढी साक्ष मला देऊ द्या."

कलम दोन रद्द. घर वैजिनाथला.

शहादेव वल्द बिभीषण, निशाणी अंगठा.
साक्ष: सुग्रीव पानवाला, सही.
साक्ष: सत्यभामा, निशाणी अंगठा.
मुक्काम धारूर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, फसली १३३१.