आयडी वेगळा, म्हणजे ओळ वेगळी

३ मार्च, सकाळी ९.३०
नवीन रोजनिशी. संकल्प दोन. एक, लवकर उठणे. दोन, मूर्खांशी वाद न घालणे. दुसरा ऑफिसात पाळायचा तर दिवसभर तोंड शिवूनच बसावं लागेल.

डोळ्यांच्या या हॉस्पिटलचं ऑपरेशन बुकिंग अकरा वर्षं माझ्या सिस्टीमवर चाललंय. आता तिच्या टेस्टिंगला एक नवीन बाई आल्यात. पहिल्याच दिवशी विचारलं, एका थिएटरला, एका तारखेला, एका वेळी एकच पेशंट, हा नियम डेटाबेसमध्ये कुठे लिहिलाय? मी सांगितलं, प्रत्येक बुकिंगची एक ओळ, प्रत्येक ओळीला आयडी नंबर आहे, तो आपोआप वाढतो, परत कधी येत नाही. मग दोन ओळी सारख्या होतीलच कशा? त्या म्हणाल्या, आयडी वेगळा असेल हो, पण वेळ तीच असली तर?
यांचं नाव ठेवलं: शंकेश्वरी.

५ मार्च
बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बुक केलं. १९ तारीख, थिएटर २, सकाळी ९. बुकिंगची स्क्रीन वगैरे काउंटरवरच्या लोकांसाठी. मी थेट डेटाबेसच्या टेबलमध्ये ओळ घातली, अर्ध्या मिनिटात काम फत्ते. नेहमी असंच करतो. ओळखीच्यांना रांगेत उभं करायचं म्हणजे मी इथे अकरा वर्षं काय केलं?

आधी दोनदा पुढे गेलं होतं, एकदा बाबांचा खोकला, एकदा डॉक्टरांची परिषद. आता बाबा फिरायला येणाऱ्या सगळ्या मित्रांना सांगून आलेत की वीस तारखेनंतर पेपर स्वतः वाचणार. सध्या तो मी वाचून दाखवतो. रोज एक तास. छोट्या जाहिरातींसकट! मी म्हटलं, निर्धास्त राहा, सिस्टीम माझी आहे. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, म्हणूनच विचारते, कागद काही दिलाय का? दुर्लक्ष केलं.

८ मार्च
शंकेश्वरी परत हजर. मी समजावलं, स्क्रीन आधी बघते वेळ रिकामी आहे का, मगच ओळ घालते. झालं की. तर म्हणे, आणि कोणी स्क्रीन सोडून थेट टेबलमध्ये ओळ घातली तर? म्हटलं, असा अतिशहाणा आपल्याकडे कोणी नाही. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. पटलं असावं.

११ मार्च, दुपार
साहेबांनी हुकूम काढला, दुबार ओळी आहेत का शोधा. आढळल्या तर शंकेश्वरींचा नियम घालू. तीन तासांत शोधल्या. प्रत्येक ओळ बाकीच्या ओळींशी ताडून पाहिली, एकही कॉलम सोडला नाही. निकाल: शून्य. लाल अक्षरांत छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

शंकेश्वरींनी विचारलं, आयडीचा कॉलमही धरलात का? म्हटलं, अर्थात! अर्धवट काम मी करत नाही. त्या म्हणाल्या, तो धरला तर जन्मात दुबार ओळ सापडणार नाही, नुसतं थिएटर, तारीख आणि वेळ बघा. म्हणजे मुद्दाम कमी कॉलम बघायचे! अशा लोकांना नोकऱ्या कोण देतं?

१४ मार्च
घोडदौड चालू. थिएटरच्या सिस्टर अजून वही ठेवतात. आदल्या दिवशी सिस्टीमची यादी वहीत उतरवून घेतात आणि पेशंटना फोन करून वेळा मागेपुढे करतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या यादीत कधीकधी बसत नाही हो. बसत नाही! साहेबांना सांगून वही बंद करवली. छापील यादी हीच अंतिम.

घरी बाबांना फुशारकीने सांगितलं. बाबा शाळेत क्लार्क होते. म्हणाले, आमच्या रजिस्टरात नवीन मुलाला नंबर द्यायच्या आधी तो मुलगा आधीपासून पटावर आहे का ते बघायचो, नाहीतर एकाच पोराचे दोन नंबर व्हायचे. बाबांना काय सांगणार? कुठे शाळेचं रजिस्टर, कुठे डेटाबेस.

१९ मार्च, सकाळी ८
बाबा सहालाच तयार. इस्त्रीचा शर्ट. सिस्टरनी डोळ्यात थेंब घातले.

दुपारी १
लिहायचं नव्हतं. पण लिहितो.
थिएटर २ च्या बाहेर दोन म्हातारे, दोघांच्या डोळ्यात थेंब, दोघांच्या डोक्यावर हिरवी टोपी. यादीत नऊ वाजता दोन्ही नावं. एक बाबा, दुसरे एक शिंपी, पहाटेची बस धरून सुनेबरोबर आलेले. सिस्टरनी यादी माझ्यापुढे धरली आणि फक्त म्हणाल्या, वही नाही ना आता.

डॉक्टरांनी विचारलं, आधी बुकिंग कोणाचं? आयडी बघितला. शिंपीबुवांचा लहान निघाला, बुकिंग फेब्रुवारीतलं. पुढच्या सगळ्या वेळा भरलेल्या. बाबाच म्हणाले, त्यांना घ्या, त्यांना सुईत दोरा ओवायचा असतो, मला काय, नुसता पेपर वाचायचाय.
रिक्षात बाबांना थेंबांमुळे उन्हाचा त्रास होत होता. मी हाताने सावली धरली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० मार्च
शंकेश्वरींनी आयडी सोडून शोध घेतला. चौसष्ट जोड्या. त्यातल्या अठ्ठावन्न जोड्यांत एक ओळ माझ्या लॉगिनची. शेजारी, हिची मावशी, माझा न्हावी. अकरा वर्षं सिस्टर वहीत ते निस्तरत होत्या, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.
उरलेल्या सहांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. पक्षपात.

२२ मार्च
नियम घालायला गेलो तर डेटाबेस घेईना. आधी जुन्या जोड्या साफ करा म्हणतो. दोन दिवस तेच करतोय. शंकेश्वरींनी चहा आणून दिला. कुचकेपणाने असणार.

२४ मार्च
नियम लागला. एका ओळीचा आहे. एवढ्यासाठी एवढा गाजावाजा!
बाबांसाठी २६ तारखेची सकाळी नऊची वेळ थेट टेबलमध्ये घातली. शेवटचंच, फक्त बाबांसाठी. उत्तर आलं: ही वेळ आधीच दिलेली आहे. पुन्हा घातली. तेच उत्तर. नवा आयडी असूनही! माझ्याच सिस्टीमने मला दारातून परत पाठवलं.

२७ मार्च, सकाळी
काल काउंटरवर टोकन घेऊन रांगेत बसलो. पंचावन्न मिनिटं. ३० एप्रिल मिळाली. हिला कागद दिला. तिने तो दोनदा वाचला आणि कपाटात ठेवला.

आज नेहमीप्रमाणे पेपर वाचत होतो. बाबा मध्येच म्हणाले, हे मघाशी वाचलंस.
मी म्हटलं, नाही बाबा, ते पहिल्या पानावरचं होतं, हे पाचव्या.
बाबा म्हणाले, पान वेगळं असेल रे, बातमी तीच आहे.
बघितलं. तीच होती.