मोडक्या वस्तूंचं कपाट

नोव्हाय, मिशिगन
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. रेणू,

अनेक आशीर्वाद. तू सांगितलेलं काम मी केलेलं नाही, म्हणून हे पत्र. काल सुशांतला त्या घरातून आणायला गेले होते. त्याला तिथेच ठेवून परत आले. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी आवाज चढवला असता. म्हणून हाताने लिहिते आहे आणि पानांचे फोटो पाठवते आहे. पूर्ण वाच. मधेच फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आम्ही दोघं बरे आहोत. मोहनच्या गुडघ्याला थंडी मानवत नाही, पण त्यामुळे त्याला तक्रारीला विषय मिळाला आहे. तुझं मेतकूट पोचलं. प्रल्हादरावांना नमस्कार.

गेल्या सोमवारी तू म्हणालीस, "ताई, कॉलेजच्या पोरांची ती एकत्र राहायची फ्रॅटर्निटी म्हणजे काय ते मी बातम्यांत बघितलंय. पोरांना दारू पाजतात, छळतात. आपल्या घरात एकदा झालं तेवढं पुरे. माझ्या लेकाला तिथून बाहेर काढ." मी लगेच हो म्हटलं, कारण माझंही मत तेच होतं. "आपल्या घरात एकदा" म्हणजे माझ्या पाठचा नंदू, हेही मला कळलं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

शनिवारी सकाळी दोन रिकाम्या सुटकेस, चार खोकी आणि चिकटपट्टी गाडीत टाकून निघाले. मोहनला नेलं नाही. तो अशा वेळी मुलांच्या बाजूचा होतो. दीड तासाचा रस्ता. सुशांतला काय सुनवायचं ते वाटेत पाठ करत होते.

जुनं, तीन मजली लाकडी घर आहे. दारावर तीन ग्रीक अक्षरं, त्यातलं मधलं तिरकं. बेल वाजत नव्हती. इंजिनिअर होऊ घातलेल्या बावीस जणांच्या घराची बेल वाजत नाही! माझा पारा तिथेच चढला.

दार एका मुलीने उघडलं. ही मंडळी फक्त इंजिनिअरिंगची, आणि त्यांच्यात मुलगे-मुली दोन्ही असतात, हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही. हाताला ग्रीस, डोक्यावर चढवलेला गॉगल.

"तुम्ही सुशांतची मावशी ना? मी सिया. फ्रीमाँटची. आईबाबा पुण्याचे. माझं मराठी थोडं ब्रोकन आहे, पण आय अंडरस्टँड एव्हरीथिंग, सो केअरफुल." आणि मी बूट काढायला वाकले तर म्हणते, "नको नको, फ्लोअर तुमच्या शूजपेक्षा डर्टी आहे."

"सुशांतला बोलाव. मी त्याला न्यायला आले आहे."

"ओके. पण आत्ता शनिवारचं टेबल सुरू आहे. तुम्ही बसू शकता. फोन या बादलीत."

"मी पाहुणी आहे."

"मावशी, डीनचा फोनपण बादलीत गेलाय."

एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांना शिस्त लावली. माझ्यापुढे कुणी बादली धरली नव्हती. टाकला फोन.

आत लांबलचक टेबलाभोवती पंधरा-वीस मुलं बसली होती. सुशांत मला पाहून पांढरा पडला, पण उठला नाही. भिंतीला काचेचं कपाट होतं आणि त्यात सगळ्या मोडक्या वस्तू: दोन तुकडे झालेला ॲक्सल, जळलेली मोटर, चिरलेला गिअर, चहाचा एक फुटका कप. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मी म्हटलं, भंगार जपायचा हा कसला शौक?

तेवढ्यात कॉनर नावाचा एक आडदांड मुलगा उभा राहिला आणि त्याने करपलेलं सर्किट टेबलावर ठेवलं. स्वतःची चिठ्ठी स्वतः वाचली: काय मोडलं, कधी मोडलं, तडा कुठे सुरू झाला. खाली त्याने लिहिलं होतं, मी मूर्खपणा केला. सगळे एकदम ओरडले, "परत!" सियाने चिठ्ठी त्याच्या हातात दिली. मूर्खपणा हे कारण इथे चालत नाही. आळसही चालत नाही. आणखी खोल जायचं. मग प्रश्न सुरू झाले. तपासलं का नाहीस? घाई का होती? घाई होती तर मदत का मागितली नाहीस? हसत होते, एकमेकांना टोमणे मारत होते, पण त्याला कुणी हसलं नाही. वीस मिनिटांनी त्याने नवी चिठ्ठी लिहिली: "दुसऱ्याचं काम आपण तपासतो, स्वतःचं तपासत नाही, कारण चूक निघेल अशी भीती वाटते." ती बांधली आणि सर्किट कपाटात गेलं.

रेणू, माझं आयुष्य कशात गेलं ते तुला माहीत आहे. गाड्यांचे मोडलेले भाग तपासण्यात. मोडलेल्या ॲक्सलचं तोंड भिंगाखाली धरलं की बारीक वलयं दिसतात, एकात एक. त्यावरून कळतं की तडा कित्येक महिन्यांपूर्वी एका कोपऱ्यात सुरू झाला होता; शेवटच्या दिवशी फक्त तुकडा पडला. आमच्या लॅबमध्ये मोठमोठे मॅनेजर मोडका भाग गुपचूप भंगारात ढकलायचे, चौकशी नको म्हणून. ही विशीची पोरं तो काचेच्या कपाटात लावतात आणि खाली स्वतःचं नाव लिहितात. मला नोकरीत असताना असे चार जण मिळाले असते तर मी दहा वर्षं उशिरा निवृत्त झाले असते.

तरी मी विरघळले नाही. टेबल संपल्यावर घर तपासलं. मोरीत भांडी होती. फ्रिजमध्ये बिअर होती. प्रत्येक बाटलीवर नाव, आणि सुशांतच्या नावाची एकही नाही. भिंतीवर कामाचा तक्ता, त्यात अध्यक्षाकडे संडास धुणं. सियाला सरळ विचारलं, "नव्या मुलांना काय काय करायला लावता?"

"प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक हॅमर बनवायचा. आणि आमच्या प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसून त्याची स्टोरी ऐकायची, नोटबुकमध्ये लिहायची. सुशांतचा हॅमर टेरिबल आहे. पण तो ऐकतो छान. मी त्याची बिग आहे ना, मला माहीत आहे."

बिग म्हणजे नव्या मुलाची पालक, घरातली मोठी बहीण म्हण. हातोडा मीही पाहिला. दांडा वाकडा आहे.

मग मी कपाटापाशी एकटी उभी राहिले, आणि आता मला ते लिहायला हवं जे तीन पानं टाळते आहे. खालच्या फळीवर दोन उत्तरपत्रिका होत्या. ३१ आणि २७, शंभरापैकी. सुशांतचं अक्षर मी कुठेही ओळखेन. चिठ्ठी इंग्रजीत होती, मराठीत देते.

"मोडल्याची तारीख: ९ ऑक्टोबर. तडा कुठे सुरू झाला: सप्टेंबरचा दुसरा आठवडा. वर्गात काही कळेना. कुणाला सांगितलं नाही. २० सप्टेंबरला मावशीकडे सांगायला गेलो. न सांगता परत आलो."

खाली कुणीतरी पेन्सिलने विचारलं होतं: न सांगता का? उत्तराची जागा कोरी होती.

ते उत्तर मला माहीत आहे. त्या शनिवारी तो बसने आला, न कळवता. "मावशी, जरा बोलायचं होतं," म्हणाला. मी म्हटलं, "अभ्यास कसा चाललाय ते आधी सांग." तो म्हणाला, "ठीक." मी म्हटलं, ठीक म्हणजे काय, आणि कागद ओढून त्याचं वेळापत्रक लिहायला घेतलं. पहाटे पाचपासून. आमच्या वेळी मुली कशा शिकल्या तेही ऐकवलं. दहा मिनिटांत सगळं उरकलं. लाडू बांधून दिले आणि बस स्टॉपवर सोडलं. घरी येऊन मोहनला म्हणाले, "पोरगा गुणी आहे, वळण लावलं की झालं."

९ ऑक्टोबरला तो नापास झाला, आणि या घरातल्या मुलांना ते त्याच आठवड्यात कळलं. त्यांनी वेळापत्रक दिलं नाही. आठवड्यातल्या चार संध्याकाळी कुणी ना कुणी त्याच्या शेजारी बसतं. सिया स्वतःची परीक्षा असतानाही बसली. गेल्या आठवड्याच्या चाचणीत ६४ आणि ५८ आले. डोंगर हललेला नाही, पण मुलगा उभा आहे. अंतिम परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. आत्ता त्याला तिथून उचललं तर आपण त्याला काय देणार? माझी वरची खोली आणि माझी तोंडपाटीलकी.

सुशांत मागे येऊन उभा राहिला होता.

"मावशी, बॅग भरू का?"

"तुला यायचंय का?"

"नाही." पहिल्यांदाच माझ्याकडे बघून इतकं सरळ बोलला.

"आईला सांगितलंस?"

"बुधवारी सांगणार आहे. सियाने डेट लिहून घेतलीये. तू आधी सांगितलंस तरी चालेल, तिला धक्का कमी बसेल. पण मी फोन करणारच."

मी त्याच्याकडे ते वेळापत्रक मागितलं. अजून त्याच्या टेबलासमोर टाचणीने लावलेलं होतं. मी सियाला म्हटलं, "हे कपाटात ठेव." ती म्हणाली, "चिठ्ठीशिवाय काही आत जात नाही, मावशी." मी लिहून दिलं: माझा हेकटपणा. तिने वाचलं आणि परत केलं. "दॅट्स नॉट अ कॉज. अजून खोल." पुन्हा लिहिलं: माझा शिस्तीचा अतिरेक. तेही परत. "हे मूर्खपणासारखंच आहे, फक्त मराठी चांगलं आहे."

जिन्यावर बसले, पेन हातात घेऊन. आणि नंदू डोळ्यांसमोर आला.

१९८२. परगावचं कॉलेज, मी तिसऱ्या वर्षाला, तो पहिल्या. तू तेव्हा शाळेत होतीस. एका गुरुवारी ड्रॉइंग हॉलच्या व्हरांड्यात तो मला भेटायला आला. हातात ड्रॉइंग बोर्ड. "ताई, दोन मिनिटं." हॉस्टेलवर रॅगिंगचं काय चाललंय ते सांगायला तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "सगळ्यांचंच होतं. महिनाभर सोस. बाबांना कळवून तमाशा करू नकोस." दोन मिनिटंही दिली नाहीत. पंधरा दिवसांनी तो ट्रंक घेऊन घरी आला तो कायमचा. बाबा शेवटपर्यंत त्याला म्हणत राहिले, "एकदा कुणाला तरी सांगायचं होतंस." मी ते कितीतरी वेळा ताटावर बसून ऐकलं. नंदूने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. आज कुणाचंही बंद पडलेलं घड्याळ हातात घेऊन चालू करणारा माणूस इंजिनिअर झाला नाही, आणि त्याने बाबांपुढे माझं नाव कधी घेतलं नाही. सुशांतनेही ती जागा कोरीच सोडली होती.

हे मी मोहनलाही सांगितलेलं नाही. काल एकवीस वर्षांच्या मुलीने दोनदा चिठ्ठी परत केली म्हणून लिहिलं. तिसऱ्यांदा तिने वाचलं आणि दोरा आणला.

आता तुझ्याकडे मागणं. बुधवारी सकाळी सातला, तुझ्या वेळेने, त्याचा फोन येईल. घड्याळ समोर ठेव आणि पहिली दहा मिनिटं तोंड उघडू नकोस. प्रल्हादरावांनाही उघडू देऊ नकोस. त्यानंतरही तुला तो तिथे नकोच असेल, तर मला एक ओळ लिही. मी पुन्हा सुटकेस घेऊन जाईन आणि एका शब्दाने वाद घालणार नाही. लेक तुझा आहे. पण माझं मत विचारशील तर ज्या घरात पोरांना आपली चूक लपवावी लागत नाही, त्या घरातून मी त्याला काढणार नाही. असं घर आपण दोघींनी त्याला दिलं नव्हतं.

नंदूला हे पत्र दाखवू नकोस. त्याला मी आज वेगळं लिहिते आहे. ते याहून अवघड आहे, म्हणून आधी हे लिहिलं.

जिने तुझं ऐकलं नाही पण आता ऐकायला शिकते आहे ती,
वीणाताई

ता. क. त्या घरात सिया वही ठेवते. आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद आणि दोघांच्या सह्या. कालच्या पानाची नक्कल सोबत देते, म्हणजे मी काय केलं याबद्दल शंका राहायला नको.

परत नेल्या: सुटकेस दोन, रिकाम्या.
घरात दिलं: खोकी चार. चिकटपट्टी एक. प्रेशर कुकर एक, जादा रिंगसह. गोडा मसाला, एक बरणी. दाराची बेल, तार जोडून, चालू स्थितीत.
कपाटात दिलं: वेळापत्रक, एक पान. मोडल्याची तारीख: २० सप्टेंबर. तडा कुठे सुरू झाला: १९८२, व्हरांड्यात. भाऊ दोन मिनिटं मागत होता. मी दिली नाहीत, आणि दिली नाहीत हे कुणाला सांगितलं नाही.
देणार: वीणा. घेणार: सिया. साक्षीदार: सुशांत.