पगार समक्ष बोलू

कनेरगाव नाका,
३ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोललं की अर्धा धाबा कान लावून बसतो, म्हणून कागदावर लिहून राहिलो. तुझ्या मामीचं मनगट लई दुखतंय. लग्न झाल्यापासून धाब्यावर भाकरी थापून राहिली, दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणले, भाकरी बंद करा, न्हाईतर हात कायमचा जाईल. म्हणून पत्र्याची पाटी लावली, 'भाकरीसाठी बाई पाहिजे. पगार समक्ष बोलू.' बाया येतात, पाटी वाचतात, पाणी पिऊन निघून जातात. मामी तिकडं दुखऱ्या हातानंच थापतेय.

तू पुण्यात बसून लोकांच्या नोकरीच्या जाहिराती लिहितीस ना, शहाणे? मग सांग, बाया काहून टिकत न्हाईत?

लोभ आहेच, उत्तर तेवढं झटकन धाड.
तुझा मामा,
शिवहार


पुणे,
८ नोव्हेंबर २०२५

ती. शिवहारमामांस,
सा. न. वि. वि.

मामा, तुमच्या भिंतीवर चहा, शेवभाजी, अगदी जादा कांद्याचाही भाव हातभर अक्षरांत लिहिलाय. माणसाचा तेवढा लपवून ठेवलाय! आमच्याकडे परदेशातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती येतात. तिकडे काही ठिकाणी कायदाच आहे, पगार लिहिल्याशिवाय जाहिरात द्यायची नाही. आपल्याकडे नसेल, पण तुमचा हात कुणी धरलाय का? उन्हातान्हातून येणाऱ्या बाईला आधीच कळू द्या की काय मिळणार.

शेजारचा धाबेवाला काय म्हणेल, ही काळजी सोडा. तो तसाही तुमच्याबद्दल बोलतच असतो. आकडा लिहा आणि मामीला चुलीपासून उठवा.

माया कमी करू नका, सल्ला फुकट आहे.
तुमची भाची,
रागिणी


कनेरगाव नाका,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणीस,
आशीर्वाद, पण या वेळी जरा हात आखडूनच.

तुझं ऐकलं अन् फसलो. पाटीवर 'पगार बारा हजार' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बायांची रांग लागली. रांगेत शेवटी कोण? तुझी मामी! ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. मी विचारलं, तू इथं काहून? तर म्हणली, मालक, अनुभव लई आहे, मला काय देता ते सांगा. बाया हसल्या, मी बी हसलो. ती मात्र हसली न्हाई. पाटीकडं बघत म्हणली, या कामाला बारा हजार पडतात हे मला आज कळलं.

रांगेतल्या नीलाबाईला कामावर ठेवलं, चांगली थापते. पण मामी संध्याकाळच्या जीपनं सेनगावला माहेरी गेली. फोन उचलत न्हाई. गल्ल्यावर बसतो तर सुट्टे पैसे चुकतात, अन् घरात साखरेचा डबा सापडत न्हाई. बाई, मला तिच्याबिगर करमत न्हाई, हे तुलाच सांगतो. आग तू लावलीस, आता तूच विझव.

राग धरू नको, मामीलाही धरू देऊ नको.
तुझा मामा


सेनगाव,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणीस,
मामीचे खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

हाताला आराम पडलाय, म्हणून स्वतःच लिहून राहिले. मामाला माफ करा म्हणून तू लिहिलंस. अगं, मी रागावले नव्हते, मला वाईट वाटलं होतं. घरच्या माणसाला कुणी पगार देतं का, असं मीच आजवर म्हणत आले. पाटी वाचली अन् ठेवणीतलं लुगडं काढलं.

काल तुझे मामा यष्टीनं आले, ती पाटी काखेत मारून! कंडक्टरनं पाटीचं तिकीट मागितलं, तर हे म्हणले, पाटीवर बाईचं नाव आहे, अर्धंच घ्या. अख्खी गाडी हसली म्हणे. रंग ओला होता, सदरा सगळा निळा झालेला. पाटीवर लिहिलंय, 'धाब्याची मालकीण बनाबाई. पगार पंधरा हजार. भाकरी थापणार नाही.' दारात पाटी धरून उभे राहिले. मला लई रडू आलं, पण दिसू दिलं न्हाई.

उद्या त्यांच्याबरोबर निघते. पहिला पगार झाला की तुझ्याकडं पुण्याला येते, माझ्या पैशानं. पण काल लगेच हो म्हणले न्हाई बरं का. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, अन् सांगितलं, पगार समक्ष बोलू.

अशीच आमच्या दोघांची खोड काढत राहा.
तुझी मामी,
बनाबाई