गॅलरीतल्या काठीची वाटणी

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, जळालेल्या विजेच्या मोटरींना नवी तार गुंडाळून देण्याच्या कामातून निवृत्त, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी तपासून मला शुद्धीत ठरवले आहे. नाडी जलद आहे, तिचे कारण कलम दोनमध्ये येईल.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांना निम्मी-निम्मी. "आई, फोन असताना रेडिओ कशाला?" असे सतत विचारणाऱ्या मुलाला माझा फोनही द्यावा.

२. माझ्यासारखेच माझे दीरही हौशी रेडिओवाले, म्हणजे परवाना काढून घरच्या यंत्रावरून देशोदेशीच्या अनोळखी लोकांशी बोलणारे. त्यांच्या बंगल्यावर वीस मीटरचा टॉवर आहे. माझी गॅलरी दोन पावलांची. म्हणून मी दोन मीटरची ॲल्युमिनियमची काठी उभी केली आणि कमी पडलेली लांबी प्लास्टिकच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून भरून काढली. ते हसून म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा अँटेनावरून फार तर कावळ्याशी बोलाल." त्यानंतर चार वर्षे मी त्यांच्या घरची पायरी चढले नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी महासागरापलीकडच्या एका बेटावरून एका शाळामास्तराने माझ्या हाकेला उत्तर दिले. स्वच्छ, खणखणीत! मी दुखऱ्या गुडघ्यांनिशी नाचले. तासाभरात दीर तीन जिने चढून, धापा टाकत दारात.

"वहिनी, मी ऐकत होतो. त्या माणसाला मी वर्षभर हाका मारतोय. वेढे किती घातलेत?"

"आधी बसा, भाऊजी. पाणी घ्या."

"पण किती?"

"नाही सांगत, जा!"

डोळ्यांत पाणी येईस्तोवर दोघेही हसलो. वेढ्यांचा आकडा बंद पाकिटात आहे. तो माझ्या पश्चात त्यांना द्यावा, आधी नाही. कावळ्याचा राग मी येथे सोडून देते.

३. रेडिओ, काठी आणि तार गुंडाळायचे यंत्र सुनेला. त्या दुपारी माझा आरडाओरडा ऐकून ती ओल्या हातांनी धावत आली. मला काही झाले असे तिला वाटले. मग हेडफोन कानाला लावून ऐकत बसली आणि म्हणाली, "आई, मला जमेल हे?" आठ वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितले. परवाना मात्र वारशाने मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. कालच आम्ही तिचा अर्ज भरला.

४. तिचा परवाना हातात पडेपर्यंत मरण्याचा माझा विचार नाही. तेवढी मुदत मी या लेखाने स्वतःला दिली आहे.

सही: वेढेबाई (कारखान्यात मला याच नावाने ओळखत)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले (सही, चष्मा दुकानात राहिल्याने सर्व वाचून ऐकवले, दोनदा हसले)

ठिकाण: गॅलरी
तारीख: ९ मार्च, रविवार, सकाळी अकरा