अप्पांनी उचललेला बेल

अप्पा,

उद्या सोमवार, श्रावणातला पहिला, आणि उद्या सकाळी मला आपल्या गावच्या महादेवाच्या देवळात बेल उचलून शब्द द्यायला बोलावलंय. तुम्ही उचलला होता तसाच, पिंडीवरचं पान हातात घेऊन, सगळ्या गावासमोर. आत्ता रविवारची दुपार आहे. मी माजलगावच्या घरात स्वयंपाकघरात खाली बसून हे लिहितेय आणि पोरगी बाहेरच्या खोलीत पालथी पडून गृहपाठ करतेय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही. आज वाटलं, कारण आज मी अडकलेय, आणि ज्या दोरीत अडकलेय ती तुम्हीच वळून ठेवलेली आहे. राग आलाय म्हणून लिहितेय, उगाच माया समजू नका.

गावची शाळा तीन वर्षांपासून माझ्याकडं आहे, बदलीत मिळाली. पट इतका खाली आलाय की सातवीचा वर्ग या वर्षी राहील की नाही, सांगता येत नाही. म्हणून परवा पालकांची बैठक घेतली. मी आपली उत्साहात बोलत होते, की आपण पुन्हा पालकांची पाळी सुरू करू, घरटी एक जण शनिवारी वर्गात येऊन पोरांना आपलं काम शिकवील, आमच्या लहानपणी होतं तसं. सगळे माना हलवत होते. मग लहानपणी माझ्याच वर्गात असलेला, आता ट्रॅक्टर चालवणारा एक जण उठला. "मॅडम, पाळी घेऊ आमी. पर तुमची पोरगी कुठं शिकती?" उत्तरही त्यानंच दिलं. "माजलगावला, इंग्लिश शाळंत. मंग आमीच आमची कावून हितं ठिवावीत? तुमच्या अप्पांनी पयला बेल उचललता, मागून गावानं. आता तुमी उचला. तुमची पोरगी हितं आणा, आमची समदी हितंच ऱ्हातेत." तो भांडत नव्हता. त्याचं बरोबर होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी दर वर्षी पाचवीला शिकवते. "सोमवारी सांगते," एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला.

तुमच्या वेळी हे सगळं जीपपासून सुरू झालं. आपल्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, फाट्यावर फोनचा पिवळा बूथ आला आणि त्याच सुमारास माजलगावहून जीप यायला लागली, टाय लावलेली पोरं तिथल्या इंग्लिश शाळेत न्यायला. ज्यांच्या उसाला कालव्याचं पाणी होतं त्यांची पोरं आधी गेली, मग आपल्या गल्लीतल्या दुकानदारांची. आणि नेमकं तेव्हाच आमच्या गुरुजींनी शाळेत नवं खूळ काढलेलं. त्यांनी रांगा मोडल्या. पोरं गोल करून बसायची, पाचवीतलं पोर तिसरीतल्याला वाचायला शिकवायचं, घंटा झाली तरी हातातलं काम संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. गाव म्हणायला लागलं, गुरुजी शिकवीतच नाहीत, नुसतं खेळवतात. तुम्ही शिक्षण समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष कसले, सरपंचाला वेळ नव्हता म्हणून दिवसभर एका जागी सापडणारा माणूस धरला, इतकंच. पण तुम्ही एक दिवस दुकानाला कुलूप घातलंत आणि भस्म लावलेल्या कपाळानं वर्गात मागं जाऊन बसलात, सकाळपासून शाळा सुटेपर्यंत. घरी येऊन आईला म्हणालात, "तिथं पोरं इचारतेत गं एकमेकाला. आमच्या टायमाला इचारलं की छडी बसायची." पाळीची कल्पना तुमचीच. कालव्याच्या पाण्याची पाळी जशी शेताशेताला लागते, तशी शाळेची पाळी घराघराला.

शनिवार असतो. शिंप्याची बायको येते आणि झबल्याचं कापड कसं बेतायचं ते दाखवते. एक पैलवान शेतकरी दातांवरून बैलाचं वय ओळखायला शिकवतो आणि शिकवता शिकवता भिंतीला टेकून झोपतो, मग पोरं त्याचंच चित्र काढतात. आणि तुम्ही दुकानातला तराजू घेऊन येता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक मुलगी, निम्मं वर्ष आईबापांबरोबर कारखान्यावर काढणारी, दोन पाव म्हणजे किती विचारल्यावर "एक किलो" म्हणते. मी हसते. वाण्याची पोरगी, मला येणारच. तुम्ही हातातलं वजन खाली ठेवता. "तू दुकानात बसून शिकलीस. ती कुठं बसली व्हती? तिला येईपतूर घरला यायचं न्हाई." पाच वाजेपर्यंत मी तिच्याबरोबर शेंगदाणे तोलत बसले होते. चारचौघांत मला असं बोलायचं तुम्हाला काही वाटायचं नाही, याचा मला फार राग यायचा. तिला मात्र त्या दिवशी तोलायला आलं.

तरी जीप भरतच होती. आणखी चार पोरं गेली असती तर सहावी-सातवीचे वर्ग बंद, आणि मग गावातल्या मुलींना रोज दिंद्रुडच्या शाळेत कोण पाठवणार होतं? म्हणून श्रावणातल्या एका सोमवारी आरती झाल्यावर तुम्ही सगळ्यांना थांबवलंत आणि पिंडीवरचं पान उचललंत. "माझं लेकरू सातवीपतूर गावच्याच शाळंत शिकंल." आपल्याकडं कागदावरची सही माणूस फिरवील, उचललेला बेल फिरवत नाही. तुमच्या मागून एकेक जण पुढं आला. मी पाचवीत होते, आईला चिकटून उभी होते, आणि मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता, तेही इथं लिहिलं पाहिजे.

घोटाळा एकच झाला. जिल्ह्यात एक सरकारी निवासी शाळा होती, सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं. तिच्या प्रवेश परीक्षेचा माझा अर्ज गुरुजींनी भरला होता आणि त्यावर सही तुमची होती. परीक्षा दिल्यानं कुणाचं वाईट झालंय, म्हणून केलेली. बेल उचलताना ती तुमच्या ध्यानातसुद्धा नव्हती. पाचवीच्या शेवटी निकाल आला आणि मी निवडले गेले. गुरुजी कागद घेऊन धावतच दुकानात आले. तुम्ही दोघं हसलात आणि मग दोघांनाही एकदम बेल आठवला. गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक म्हणाला, "जाऊ द्या तिला अप्पा, ती बी सरकारीच शाळा हाय." हे म्हणणाऱ्याच्या घरी जीपवाल्याचा निरोप कधीचा येऊन पडला होता. तुम्ही सुटलात की तोही सुटणार होता, आणि त्याच्या मागं निम्मं गाव. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी तुमच्या तोंडावर तेव्हा पाहिलं.

आठवड्यानं तुम्ही गुरुजींना सांगितलंत, "न्हाई पाठवीत." ते चिडले. "अप्पा, पोरीचं नुकसान करताय तुम्ही." तुम्ही म्हणालात, "गुरुजी, पालक म्हंजी निस्ता सही करणारा न्हाई, हे तुमीच शिकिवलं आमाला. मंग शब्द कसा मोडू?" गुरुजींनी त्या दिवशी दुकानातला चहा घेतला नाही. आई महिनाभर तुमच्याशी धड बोलली नाही. "लेकीचं नशीब बेलाच्या पानात गुंडाळलं," हे ती आजही म्हणते.

सातवी मी गावातच केली. मग सायकलवर दिंद्रुड, मग डी.एड., मग जिल्हा परिषदेची नोकरी, आणि फिरून फिरून त्याच खोलीत, त्याच खिडकीतून दिसणाऱ्या त्याच लिंबापुढं. आम्ही पाच मुली सातवी झालो. त्यातली शेंगदाणे तोलणारी आज बीडला नर्स आहे. ती भेटली की तुमची आठवण काढते आणि मी विषय बदलते. कारण इतकी वर्षं मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आलेय, की अप्पांनी मला विचारलंसुद्धा नाही. डी.एड.च्या मैत्रिणींना सांगितली, लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला सांगितली. इंग्रजी बोलताना जीभ अडली की ती गोष्ट, कुणी वर्गमैत्रीण मोठी साहेब झाली की ती गोष्ट. पोरीला इंग्लिश शाळेत घातलं तेव्हाही तीच, माझं झालं ते हिचं होऊ नये. नवरा म्हणाला, बरोबर आहे तुझं. तुमच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरनं सहज विचारलं, मुलगी काय करते, तर मी फटकन म्हणाले, "मास्तरीण आहे, यांनी पुढं जाऊ दिलं नाही." तुम्ही ऐकलंत. डोळे उघडे होते तुमचे.

शाळेत एक निळी पत्र्याची पेटी आहे. खडू, चिंचोके, तुमचा जुना तराजू, सगळं तिच्यात. रोज सकाळी मी तिचं कुलूप काढते. पोरांना वाटतं ती शाळेचीच.

निकाल लागला त्या आठवड्यात तुम्ही माल आणायला माजलगावला गेलात आणि एसटीच्या टपावर टाकून ती पेटी घेऊन आलात, मी निवासी शाळेत गेलेच तर न्यायला म्हणून. मी फाट्यावर सायकल घेऊन उभी होते. आपण पेटी कॅरेजवर बांधली आणि कालव्याच्या कडेनं चालत निघालो. पुलावर तुम्ही थांबलात. "बाई, जायाचंय का तुला? खरं सांग. तू हो म्हण, मी म्हादेवापुढं नाक घासून बेल परत करतो. गाव मला काय म्हणायचं ते म्हणू दे." परीक्षा त्या शाळेतच झाली होती. तिथली झोपायची लांबलचक खोली मी पाहिली होती, ओळीनं मांडलेल्या पेट्या, आणि भिंतीकडं तोंड करून रडत बसलेली एक मुलगी. मी म्हणाले, "न्हाई जायाचं. मला भ्या वाटतंय." आणि म्हणाले, "पर कुणाला सांगू नका, अप्पा."

तुम्ही नाही सांगितलंत. आईलासुद्धा नाही. बेल फिरवायला तुम्ही तयार होतात, पण मला दिलेला शब्द तुम्ही त्या दवाखान्यातल्या खाटेवरही फिरवला नाहीत, आणि मी त्याच खाटेशेजारी उभी राहून तुमच्यावरच दोष ठेवला. नको मीच म्हणाले होते, अप्पा.

हे पत्र उद्या निळ्या पेटीत तराजूखाली ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकणार? मघाशी पोरगी आत येऊन विचारून गेली, काय लिहितेस. शाळेचं काम, म्हटलं. बेल उचलायचा की नाही यावर परवापासून मी नवऱ्याशी तीनदा बोलले, आईला फोन केला, शेजारच्या बाईंनाही विचारून झालं. पोरगी चौथीत आहे. तिला मी अजून विचारलेलं नाही.