बाजारातल्या टोमॅटोसारखे निवडलेले आकडे

सूनबाई,

मी डॉक्टरांकडे चालले आहे. दूध तापवून झाकून ठेवलंय.

परवा ते म्हणाले, हृदयातून निघणारी मोठी नस फुगलीय, आणि इथे रक्तदाब एवढा चढलेला, मी घरी लिहिते त्या वहीत मात्र रोज एकशेतीसच. मग तुझ्याकडे वळून विचारलं, "गोळ्या नीट देता ना यांना?" तू मान खाली घातलीस आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसले.

वहीतले आकडे खोटे नाहीत, पण बाजारात टोमॅटो निवडावेत तसे निवडलेले आहेत. सकाळी एकशेऐंशी आला की मी मशीनचा पट्टा सोडायचे, पाणी प्यायचे, परत बांधायचे. चौथ्या खेपेला शहाणा आकडा आला की तेवढाच लिहायचे. वर मशीन बिघडवलंस म्हणून तुलाच बोलले.

दाब असा वर-खाली होत राहिला तर त्या नसेवर ताण येतो म्हणे, आणि डॉक्टर ती वही बघून माझ्या गोळ्या ठरवणार! म्हणून काल दिवसभरात आले ते सगळे आकडे कागदावर लिहिलेत. लाज वाटली, तरी लिहिलेत.

तुझ्या नवऱ्याला कळवू नकोस. तो काम टाकून धावत येईल आणि स्वतःचाच दाब वाढवून घेईल. तूही मागून येऊ नकोस. तुझ्यासमोर कबूल करायला माझी जीभ रेटत नाही, डॉक्टरांसमोर रेटेल. आणि तुझ्यावर घेतलेला संशय त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागे घेतल्याशिवाय मी त्या खुर्चीतून उठणार नाही.

— तुझी सासू